काब्वेची कवटी परत द्या

१७ जून १९२१. उत्तर ऱ्होडेशियातल्या ब्रोकन हिल इथे शिसं आणि जस्त काढण्यासाठी एक टेकडी वर्षानुवर्षं फोडली जात होती. त्या दिवशी टेकडीच्या पोटातल्या गुहेतला माल उपसताना टॉम झ्विग्लार या स्विस खाणकामगाराला एक कवटी दिसली. खालचा जबडा नव्हता, पण बाकी जवळजवळ अखंड. भुवयांच्या जागी सज्जासारखे पुढे आलेले जाड कंगोरे, मागे उतरत गेलेलं कपाळ, वरचे बरेचसे दात किडलेले. झ्विग्लारच्या सोबत एक आफ्रिकी कामगारही होता. झ्विग्लारचं नाव शंभर वर्षं पुस्तकांत छापलं जातंय. त्या कामगाराचं नाव कुणी लिहूनच ठेवलं नाही. त्याच वर्षी कवटी लंडनला पोचली, नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात तिच्यावर ‘ई ६८६’ असा क्रमांक पडला आणि ती अजूनही तिथेच आहे.

१९६४ मध्ये उत्तर ऱ्होडेशियाचा झांबिया झाला. पुढे ब्रोकन हिलचं काब्वे झालं. १९७० च्या दशकापासून झांबिया ही कवटी परत मागतो आहे. २०१८ मध्ये सांस्कृतिक ठेव्यांच्या परतीसाठी असलेल्या युनेस्कोच्या समितीसमोरही हा विषय गेला. तरी घोंगडं भिजतच पडलं आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: ही कवटी झांबियाला द्यायला हवी, आणि तीही उसनी नव्हे, कायमची. यात न्यायाचा प्रश्न आहेच. पण मानवाच्या उत्क्रांतीचं शास्त्र पुढे न्यायचं असेल तरीही तेच योग्य आहे, आणि हा दुसरा मुद्दा फारसा कुणी मांडत नाही म्हणून हा लेख.

आधी या कवटीचं मोल पाहू. ती लंडनला गेली तेव्हा आफ्रिकेत सापडलेला इतका जुना मानवी जीवाश्म जगाला माहीतच नव्हता. मानवाचं मूळ आफ्रिकेत असावं, असा अंदाज डार्विनने १८७१ मध्येच केला होता, पण युरोपातल्या पंडितांना तो पचत नव्हता. त्यांच्या हाती पिल्टडाउन होतं. इंग्लंडातल्या ससेक्समध्ये ‘सापडलेली’ ती कवटी १९१२ मध्ये चार्ल्स डॉसन आणि आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी जगापुढे ठेवली आणि आद्य मानव इंग्रजच निघाल्याचं समाधान पुढची चाळीस वर्षं टिकलं. १९५३ मध्ये कळलं की माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडून, रंगवून केलेली ती बनावट होती. काब्वेची कवटी तपासून तिला ‘होमो ऱ्होडेसिएन्सिस’ हे नाव १९२१ मध्ये कुणी दिलं? याच स्मिथ वुडवर्ड यांनी. खोटा इंग्रज पूर्वज आणि खरा आफ्रिकी नातेवाईक एकाच माणसाच्या टेबलावर येऊन गेले, आणि मान मिळाला खोट्याला.

चारच वर्षांनी, फेब्रुवारी १९२५ मध्ये, रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंगच्या चुनखडीच्या खाणीत सापडलेल्या बालकाच्या कवटीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला ‘ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस’ म्हटलं. हा वानर आणि माणूस यांच्या मधला जीव आहे, असा त्यांचा दावा होता. लंडनमधले शरीररचनाशास्त्रज्ञ सर आर्थर कीथ यांनी तो दावा उडवून लावला. त्या वादातली एक छोटी गोष्ट मला सारखी आठवते. टाउंगची मूळ कवटी जोहान्सबर्गलाच होती आणि तिच्या प्रतिकृती वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात काचेआड मांडल्या होत्या. अभ्यासकांना वेम्ब्लीला जाऊन काचेतून डोकावायला लागतंय, अशी जाहीर तक्रार कीथ यांनी केली. काही महिने प्रतिकृती काचेतून पाहावी लागली तर लंडनच्या विद्वानाला तो अन्याय वाटला. झांबियाच्या अभ्यासकांना स्वतःच्या देशातल्या कवटीची प्रतिकृती पाहण्यात पिढ्या घालवाव्या लागल्या आहेत. (कीथ यांनी १९४७ मध्ये आपली चूक आणि डार्ट यांचं बरोबर असल्याचं मोकळेपणाने कबूल केलं, हेही इथे नोंदवायला हवं.)

आता शास्त्राच्या मुद्द्याकडे येतो. जीवाश्माचं निम्मं ज्ञान हाडात असतं आणि निम्मं हाडाभोवतीच्या मातीत. पूर्व आफ्रिकेने जगाला हे शिकवलं. केनियातल्या तुर्काना सरोवराच्या काठी १९७२ मध्ये बर्नार्ड न्गेनेओ यांना एका कवटीचे तुकडे सापडले. तीच पुढे ‘१४७०’ या क्रमांकाने गाजली. ती ज्या थरातून आली त्याच्या वरच्या ज्वालामुखीच्या राखेचं वय सुरुवातीला सुमारे २६ लाख वर्षं ठरवण्यात आलं होतं. इतक्या जुन्या काळात एवढा मोठा मेंदू कसा, म्हणून सगळीकडे खळबळ. पण त्याच थरांतल्या रानडुकरांचे दात वेगळंच सांगत होते. डुकरांच्या दाढा काळाबरोबर ठरावीक रीतीने बदलत गेल्या होत्या, आणि इथल्या दाढा इथिओपियातल्या ओमो खोऱ्यातल्या सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या दाढांशी जुळत होत्या. बरीच वर्षं वाद चालला. शेवटी राख पुन्हा तपासली, आणि तिचं वय साधारण १९ लाख वर्षं निघालं. डुकरांनी शास्त्रज्ञांना दुरुस्त केलं. हे शक्य झालं, कारण कवटी, राख, दाढा आणि जागा यांतलं काहीच एकमेकांपासून तुटलं नव्हतं. शंका आली की पुन्हा त्याच टेकाडावर जाता येत होतं.

काब्वेला जाऊन काय पाहणार? टेकडी खाणीने खाल्ली. कवटी नेमकी कुठे, कशाच्या शेजारी पडली होती, याची धड नोंद नाही. म्हणून तिचं वय जवळजवळ शंभर वर्षं अंदाजावर चाललं. कुणी चाळीस हजार वर्षं म्हणालं, कुणी पाच लाख. कवटीचं थेट वयमापन प्रसिद्ध झालं ते २०२० मध्ये: सुमारे २,९९,००० वर्षं, अधिक-उणे २५,०००. आणि या एका आकड्याने केवढं चित्र बदललं! मोरोक्कोतल्या जबल इरहूद इथली माणसं सुमारे ३,१५,००० वर्षांपूर्वीची आणि चेहऱ्याने बरीचशी आपल्यासारखी. दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेतला, संत्र्याएवढ्या मेंदूचा ‘होमो नालेडी’ ३,३५,००० ते २,३६,००० वर्षांपूर्वीचा. म्हणजे तीन लाख वर्षांपूर्वी, किंवा त्याच्या आगेमागे, आफ्रिकेत निदान तीन तऱ्हेची माणसं होती. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी सरळ शिडी आपल्याला शाळेत दाखवली जाते. काब्वेच्या कवटीचं वय कळल्यावर ती शिडी आणखी खिळखिळी झाली.

लंडनच्या बाजूने बोलणारे म्हणतील, हे वयमापन लंडनमुळेच झालं की. झालं, आणि ज्यांनी केलं त्यांचं काम उत्तम आहे. पण या हिशेबात एक रकाना कोराच राहतो. कवटी झांबियात असती तर त्या शंभर वर्षांत झांबियात काय घडलं असतं? याचं उत्तर देता येतं, कारण शेजारच्या देशांत ते घडलेलं आहे.

इथिओपिया घ्या. २४ नोव्हेंबर १९७४ रोजी अफार प्रदेशातल्या हदार इथे डोनाल्ड जोहान्सन आणि टॉम ग्रे यांना लुसी ही माणसाची प्राचीन नातेवाईक सापडली. सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची, सांगाड्याचा चाळीस टक्के भाग हाती आलेली. अम्हारी भाषेत तिचं नाव दिंकिनेश, म्हणजे ‘तू अद्भुत आहेस’. ती अभ्यासासाठी अमेरिकेला गेली आणि १९८० मध्ये आदिस अबाबाला परत आली. तिच्या आणि नंतरच्या जीवाश्मांच्या भोवती आदिस अबाबात तिजोऱ्या आल्या, प्रयोगशाळा आल्या, हाडं साफ करणारे आणि जोडणारे तंत्रज्ञ तयार झाले. आणि मग माणसं आली. बेरहाने अस्फाव. झेरेसेनाय अलेमसेगेद, ज्यांच्या चमूला २००० मध्ये दिकिका इथे सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीच्या बालिकेचा सांगाडा मिळाला, जिला ‘सेलाम’ म्हणजे ‘शांती’ हे नाव आहे. योहानेस हाइले-सेलासी, ज्यांच्या चमूने २०१६ मध्ये वोरान्सो-मिले इथे ३८ लाख वर्षांपूर्वीची ‘ऑस्ट्रेलोपिथेकस अनामेन्सिस’ची जवळजवळ पूर्ण कवटी शोधली, आणि या जातीचा चेहरा जगाने पहिल्यांदाच पाहिला. झेरेसेनाय परदेशात पदवी घेण्याआधी इथिओपियाच्या राष्ट्रीय संग्रहालयातच काम करत होते. हाडं हाताशी होती म्हणून हे शास्त्र त्यांचं झालं. कवटी जवळजवळ आठ हजार किलोमीटरवर ठेवून, आणि ती पाहायची तर व्हिसा, विमानाचं तिकीट, राहण्याचा खर्च असे तीन दरवाजे उभे करून, तुमच्याकडे तज्ज्ञ कुठे आहेत, असं झांबियाला विचारणं मला बरोबर वाटत नाही.

खरं तर पूर्व आफ्रिकेत परतीचा हा रस्ता जुना आहे. १९४८ मध्ये जीवाश्मशोधक मेरी लीकी यांना व्हिक्टोरिया सरोवरातल्या रुसिंगा बेटावर ‘प्रोकॉन्सल’ या प्राचीन वानराची कवटी मिळाली आणि ती अभ्यासासाठी लंडनला गेली. पुढे संग्रहालय ती आपलीच समजू लागलं. ती केवळ उसनी दिली होती, हे सिद्ध करणारं पत्र सापडलं तेव्हा १९८० च्या दशकात ती केनियाला परत मिळाली. एक पत्र जपलं गेलं म्हणून! टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत १९५९ मध्ये मेरी यांनाच सापडलेली, सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची ‘झिंज’ कवटी १९६५ मध्ये नैरोबीहून टांझानियाकडे सुपूर्द झाली. ज्या देशाच्या मातीतून हाड आलं त्या देशात ते राहावं, आणि मूळ मानवी जीवाश्म सबळ शास्त्रीय कारणाशिवाय देशाबाहेर नेऊ नयेत, असा ठराव मानवी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९८ मध्ये केला. मग १९२१ मध्ये नेलेल्या हाडाला वेगळा न्याय का?

सर्वात जास्त वेळा ऐकू येणारी हरकत सुरक्षिततेची. युद्ध झालं, आग लागली, चोरी झाली तर? प्रश्न रास्त आहे, पण तो फक्त आफ्रिकेलाच विचारला जातो. इजिप्तच्या वाळवंटातून जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट श्ट्रोमर यांनी नेलेली ‘स्पायनोसॉरस’ या महाकाय डायनासोरची मूळ हाडं एप्रिल १९४४ मध्ये म्युनिकवरच्या बॉम्बहल्ल्यात भस्म झाली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहाचा मोठा भाग मे १९४१ च्या बॉम्बवर्षावात गेला. आणि ‘पेकिंग मानवा’चे जीवाश्म त्याच १९४१ मध्ये सुरक्षित राहावेत म्हणून चीनबाहेर पाठवताना जे हरवले, ते आजतागायत सापडलेले नाहीत. इथिओपियात क्रांती झाली, दुष्काळ पडले, यादवी झाली. दिंकिनेश सुखरूप आहे.

जतनाबद्दल लिहिताना लेतोलीचा उल्लेख टाळता येत नाही. टांझानियातल्या या ठिकाणी ओल्या राखेत उमटलेली सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची पावलं १९७८ मध्ये मेरी लीकी यांच्या चमूने मोकळी केली. माणसासारखी दोन पायांवर चालणाऱ्यांची, सुमारे २७ मीटर लांब वाट. पावलं उचलून नेता येत नाहीत, म्हणून ती मातीत पुन्हा झाकली. पण झाकायला वापरलेल्या मातीत बाभळीच्या जातीचं बी होतं. झाडं उगवली, मुळं पावलांकडे सरकू लागली. १९९० च्या दशकात झाडं मारून, थर उघडून, नीट आच्छादन घालून ती पुन्हा पुरली. चूक झाली, लक्षात आली, दुरुस्त केली. आणि दुरुस्ती पावलं होती तिथेच झाली.

आता दुसऱ्या बाजूचं एक मान्य करतो. आदिस अबाबाच्या संग्रहालयात येणाऱ्याला बहुधा लुसीची प्रतिकृतीच दिसते. मूळ हाडं तिजोरीत असतात. मग फरक काय पडला, असं कुणी विचारेल. फरक किल्ली कुणाकडे आहे याचा. २००७ ते २०१३ या काळात लुसी अमेरिकेत फिरली. इतकं नाजूक हाड हलवू नये म्हणून काही मोठ्या संस्थांनी तिला ठेवून घ्यायला नकार दिला, आणि मलाही तो दौरा चुकीचा वाटतो. २०२५ मध्ये ती आणि सेलाम प्रागला जाऊन आल्या. पटो न पटो, हे निर्णय इथिओपियाचे होते आणि त्याबद्दल जाब विचारायचा तर इथिओपियाच्या नागरिकांना आपल्या सरकारला विचारता येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून होमो नालेडीच्या अंगठ्याचं एक हाड आणि ‘ऑस्ट्रेलोपिथेकस सेडिबा’च्या गळपट्टीचं हाड एका पर्यटकासोबत अंतराळाच्या सीमेपर्यंत नेऊन आणलं. देशाच्या वारसा संस्थेने परवानगी दिली होती. जगभरच्या अभ्यासकांनी त्यावर सडकून टीका केली, ती योग्यच होती. म्हणजे हाड मायदेशी आहे एवढ्याने सगळं आपोआप ठीक होत नाही. पण मालक चुकू शकतो म्हणून त्याची वस्तू शेजाऱ्याने ठेवून घ्यावी, हा न्याय आपण आपल्या घरात तरी लावत नाही.

श्रेयाचा प्रश्न याच्याशी घट्ट बांधलेला आहे. कामोया किमेउ हे नाव मराठी वाचकांना फारसं माहीत नसेल. केनियातला, फार शाळा न शिकलेला हा माणूस १९६० च्या सुमारास ओल्डुवाईला खोदकामाच्या मजुरीला आला आणि जगातला सर्वात कसबी जीवाश्मशोधक बनला. टांझानियातल्या पेनिंजचा जबडा, इथिओपियातल्या ओमो-किबिशचे अवशेष हे त्याचे आणि त्याच्या सोबत्यांचे शोध. १९८४ मध्ये तुर्कानाच्या पश्चिमेला नारिओकोटोमे इथे काळ्या खड्यांत पडलेला, काडेपेटीएवढा कपाळाचा तुकडा त्याने ओळखला. त्या जागी खोदत गेल्यावर जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला, ‘होमो इरेक्टस’ जातीच्या, सुमारे १५-१६ लाख वर्षांपूर्वीच्या मुलाचा. तो ‘तुर्काना बॉय’ आज नैरोबीत आहे. खडे आणि हाड यांतला फरक चालता चालता टिपणारी नजर कुठल्याही विद्यापीठात शिकवली जात नाही. कामोया २०२२ मध्ये वारले. निदान त्यांचं नाव जगाला कळलं. तुर्कानातल्याच लोमेक्वी इथली ३३ लाख वर्षांपूर्वीची, आजवरची सर्वात जुनी दगडी हत्यारं २०११ मध्ये सापडली तेव्हाही सॅमी लोकोरोडी या स्थानिक माणसाचं नाव सोबत नोंदलं गेलं. ब्रोकन हिलच्या कामगाराच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

मग अडतं कुठे? कायद्यात, असं सांगितलं जातं. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या विश्वस्तांना संग्रहातली वस्तू सहजासहजी देता येत नाही. मानवी अवशेषांसाठी २००४ च्या कायद्याने एक दार उघडलं, पण ते हजार वर्षांच्या आत मेलेल्या माणसांपुरतं. काब्वेचा माणूस त्या मर्यादेच्या जवळजवळ तीनशेपट जुना, म्हणून त्याला ते दार बंद. ही अट संसदेने घातली आहे आणि संसदच ती बदलू शकते. शेजारच्या नेदरलँड्सने सप्टेंबर २०२५ मध्ये युजीन द्युब्वा यांनी जावा बेटावरून नेलेला २८,००० हून अधिक जीवाश्मांचा संग्रह इंडोनेशियाला परत देण्याचा निर्णय जाहीर केला. त्यात १८९१ मध्ये सापडलेल्या ‘जावा मानवा’ची कवटीही आली. तिथल्या सरकारने नेमलेल्या समितीने तपास केला आणि ते जीवाश्म स्थानिकांच्या इच्छेविरुद्ध नेल्याचा निष्कर्ष काढला. शंभर वर्षांची सवय एका निर्णयाने मोडता येते.

उसनवारीचा तोडगा कुणी सुचवेल. तो कसा असतो हे महाराष्ट्राला नवं नाही. २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्यात आली, पाहायला रांगा लागल्या, पण ती तीन वर्षांच्या बोलीवर. त्या वाघनखांच्या इतिहासाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, ते इथे बाजूला ठेवू. पण ‘आमचं’ म्हणून पाहायला गेलेल्या वस्तूखाली परतीची तारीख लिहिलेली असते तेव्हा काय वाटतं, हे आपल्यातल्या अनेकांनी अनुभवलं आहे. झांबियाला तोच कागद पुढे करू नये.

काब्वेच्या खाणीने शिसं नेलं, जस्त नेलं, टेकडी नेली. १९९४ मध्ये खाण बंद झाली आणि मागे उरली ती विषारी धूळ. तिथल्या मुलांच्या रक्तात आजही धोक्याच्या पातळीहून कितीतरी जास्त शिसं सापडतं. जगातल्या सर्वात प्रदूषित गावांत काब्वेची गणना होते. आपल्या गावातून तीन लाख वर्षांपूर्वीचा माणूस निघाला होता, ही गोष्ट त्या मुलांना त्यांच्याच देशात, त्या हाडासमोर उभं राहून ऐकता आली पाहिजे. आणि कवटी देताना तिच्यासोबत त्याच खाणीतून निघालेली नडगी, मांडीच्या हाडांचे तुकडे, दुसऱ्या एका व्यक्तीचा वरचा जबडा, प्राण्यांची हाडं, दगडी हत्यारं आणि शंभर वर्षांत जमलेले सगळे कागद, मोजमापं, क्ष-किरण चित्रंही द्यावीत, म्हणजे लुसाका या झांबियाच्या राजधानीतल्या पहिल्या संशोधकाला कामाला लागण्यासाठी पुन्हा लंडनला पत्र लिहावं लागणार नाही.